धरलेला पडदा

पडद्याचा स्टँड वाटेतच मोडला, म्हणून शिरपूरहून आलेल्या प्रेमराज फोटोग्राफरनं निळं कापड दोघा भावांनाच मागून धरायला लावलं. समाधान आणि अभिमन कापडाआड गेले. वरच्या कडेला, दोन टोकांना, त्यांची बोटं तेवढी दिसू लागली.

पुढे खुर्चीवर त्यांची माय, ताईबाई, बसली होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. पुढे हार घालायला एक चांगला फोटो हवा होता, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

प्रेमराजनं कॅमेरा डोळ्याला लावला. कापडाच्या मधोमध आणखी दोन हातांची बोटं होती. जाड, काळी, त्यातलं एक अर्धंच.

"मधी कोन शे?"

"कोनीच नही, भाऊ. आम्ही दोन्हीच."

प्रेमराजनं कॅमेरा खाली घेतला. "सोडी द्या कापड. दोन्हीजण पुढे या."

दोघे बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. कापडाची टोकं लोंबली. मधला भाग ताठच राहिला.

समाधानची नजर त्या अर्ध्या बोटावर गेली. वारलेल्या बापाचं बोट असंच, उसाच्या चरकात अर्धं गेलेलं होतं.

ताईबाईनं मागे वळून पाहिलं नाही. पदर सारखा करत ती म्हणाली, "बिगीबिगी काढ, भाऊ. कापड धरी धरी त्यासना हात भरी उनात."