कोऱ्या पानावरची रेघ

"चहा येतोय आक्का, तोवर सही करा," म्हणत ग्रामसेवकाने ग्रामसभेची वही पुढे सरकवली. सहीच्या वरचं पान नेहमीसारखंच कोरं होतं. सह्या आधी, ठराव मागाहून.

अकरा वर्षं गोदाक्का त्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारूनच सही करायची. मग मागाहून कुणाला काही घुसडता यायचं नाही.

आज गावच्या आराखड्याची सभा होती. तीन तास थांबूनही नऊच माणसं आली. गायरान गोदामाला जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. कंटाळून तिने नुसती सही केली आणि पिशवी उचलली.

ग्रामसेवकाने पान बघितलं, फोनवर बोलणाऱ्या सरपंचांकडे बघितलं आणि वही परत तिच्यापुढे ठेवली.

"आक्का, रेघ राहिली," तो हळूच म्हणाला. "सरपंच मागाहून 'लिही' म्हणाले की मी ही रेघच दाखवतो, जागाच नाही म्हणून."