रिकाम्या पोटाची तपासणी

नाकात नळी जाईपर्यंत सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. “पोटातलं ॲसिड मोजताय ना? मग माझ्या सुनेच्या हातचं तिखट मोजा! तिनेच जाळलं मला.” सून खाटेशेजारी टॉवेल धरून उभी होती. नर्सने विचारलं, “आजी, रात्रीपासून पोट रिकामं ठेवलंय ना?” “थेंबभर पाणी घेतलं असेल तर शपथ!” नर्सने नळी पोटापर्यंत सरकवून सिरिंज ओढली, तर लाल तेल आणि मिरचीचे कण वर आले. पहाटे बरणीतून चोरून खाल्लेलं लोणचं असं चव्हाट्यावर आलं. सून तर वर्षभर फिकंच रांधत होती. “हे काय? आता सगळी तपासणी वाया!” नर्स कडाडली. “माझं चुकलं,” सून हळूच म्हणाली. “मीच भरवलं त्यांना.” नर्सने तिलाच फैलावर घेतलं. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाकात नळी असतानाही त्यांनी झोपेचं सोंग घेतलं.