छापण्याआधी

अरे ऐका ना, आमचे इतिहासाचे सर धुळ्याहून गावात आले, बेचाळीसच्या चळवळीवरचं पुस्तक वाचून दाखवायला. गावापुढं वाचल्याशिवाय छापायचं नाही, हा त्यांचा नियमच. तर पारावर सर वाचतात, 'पोलीस मागावर असलेल्या कार्यकर्त्याला एकच दार उघडलं, गावकुसाबाहेरच्या सुंदरबाईचं.' पारावर कुजबुज सुरू झाली, कारण प्रत्येक घर सांगायचं, त्याला आमच्याच बापानं लपवलं. गावातले मोठे जमीनदार देवचंदआबा हसले, 'सर, मग आमचे बाप काय झोपले होते?' सर म्हणाले, 'आबा, पुण्य सगळ्यांनाच हवं असतं, बापानं केलेलं तर जास्तच. ओळ बदलणार नाही.' आबांनी नुसतं कडेला बसलेल्या म्हाताऱ्या सुंदरबाईकडं पाहिलं. ती हात जोडून उठली, 'सर, ती ओळ खोडी टाका. तुम्ही धुयाले निंघी जाशात, मना पोऱ्या आबाना वावरमा कामले शे.' आबांच्या शेतात राबणाऱ्या तिच्या पोरासाठी सरांनी पेन काढून ओळ खोडली. पहिली टाळी तिनंच वाजवली.