दिलेला शब्द

पर्मेत गावच्या नाक्यावर तिराना शहराला जाणारी व्हॅन गच्च भरली होती, तरी ड्रायव्हर स्कंदेर काही गाडी काढेना. दुपारी आत बसलेल्या मिमोझाची तिथल्या जर्मन वकिलातीत व्हिसाची मुलाखत होती. जिवाची नुसती तगमग चालली होती. त्यात आईचे फोनवर फोन. ब्युरेक खाल्लंस का, स्वेटर घेतलास का, हेच असणार म्हणून ती प्रत्येक फोन कापत होती.

"काका, आता कुणाची वाट बघताय?"

"फोन आला होता पोरी, एक माणूस येतोय म्हणे. नाव कळायच्या आत रेंज गेली. पण थांबतो म्हणालोय. शब्द दिलाय."

"अहो, ज्याचं नावही माहीत नाही त्याला कसला शब्द? त्या एका आळशापायी माझं जर्मनी बुडवणार तुम्ही!"

मग सगळी गाडीच तिच्या बाजूने कलकलाट करू लागली. "आयुष्यात पहिल्यांदा शब्द मोडायला लावलात," असं पुटपुटत स्कंदेरने गाडी सुरू केली.

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "अरे, एक म्हातारा धावत येतोय बघा. हात हलवतोय."

"पळू दे! आता थांबायचं नाही." मिमोझाने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गाडी घाटाला लागली. पुन्हा आईचा फोन. वैतागून तिने एकदाचा उचलला.



"अगं, बाबा भेटले ना? तुझा पासपोर्ट घेऊन धावत सुटलेत."