रोज आठ वाजता

मिरजेला तात्यांच्या घरी भिंतीवरच्या, फोन-इंटरनेट जोडणाऱ्या नेटवर्क स्विचचे हिरवे दिवे बरोबर आठ वाजता लुकलुकायला लागले, तेव्हा रेवतीचा घास हातातच राहिला. तिच्या बंगळूरच्या घरातला स्विच रोजच्यासारखा तात्यांना फोन लावत होता. कामाच्या रगाड्यात वेळ मिळेना, म्हणून वर्षापूर्वी तिनंच ती सोय चालू केली होती. स्विचमधली प्रणाली तिच्याच आवाजात, तिच्याच लकबीनं वडिलांशी बोलायची. मिरजेला येताना ती बंद करायची राहून गेली.

आता पितळ उघडं पडणार! पण तात्या शांतपणे भाकरी मोडत बसले होते.

"तात्या, फोन उचलत नाही तुम्ही?"

"तो स्विचच उचलतो, माझ्या आवाजात. तिकडून तू बोलत नाहीस, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. तू इतकं निवांत कधी ऐकून घ्यायचीस? मग मीही माझ्या जागी त्यालाच बसवलं."

दिवे लुकलुकतच होते. रेवतीनं खालमानेनं विचारलं, "काय बोलतात ते?"

"एकदाच ऐकलं होतं," तात्या म्हणाले. "दोघं पोट धरून हसत होते."

आणि त्यांनी आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली.