पांढऱ्या रेषेपलीकडे

डेन्मार्कमधल्या त्या विद्यापीठातून धूम्रपानाचं समूळ उच्चाटन झालं होतं. तशी पाटीच दारावर होती. उच्चाटन दारापासून सायकलींच्या स्टँडजवळच्या पांढऱ्या रेषेपर्यंत होतं. रेषेपलीकडे नगरपालिकेचा फुटपाथ, आणि त्यावर समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा घोळका.

राग्ना रेषेच्या आत चुळबुळत उभी होती. गटांच्या याद्या चारपर्यंत द्यायच्या होत्या आणि गट ठरत होते तिकडे, धुरात. जो गटात नाही त्याने अख्खा प्रकल्प एकट्याने करायचा. पावणेचार झाले होते. लेसो बेटावरून आल्यापासून तिच्याशी आपणहून बोललं होतं ते फक्त कॉफीचं यंत्र.

तिने रेषा ओलांडली.

"आठ," म्हणत आरोग्य कक्षाच्या लिस्बेटबाईंनी कागदावर रेघ ओढली. धूम्रपान करणारे विद्यार्थी मोजायचं काम त्यांच्याकडे होतं.

घोळक्यातल्या अस्गरने सिगरेटचं पाकीट पुढे केलं. राग्नाने एक उचलून ओठांत धरली.

"अगं, उलटी धरलीयेस."

"मी ओढत नाही," ती पुटपुटली. "मला गट हवाय."

कुणी हसलं नाही. माल्टेने आपली सिगरेट दाखवली. चुरगळलेली, कधीच न पेटलेली. "सप्टेंबरपासून हीच वापरतोय." सिग्नेचीही तीच गत. बर्टिल तर तोंडातून नुसती वाफ सोडायचा; थंडीत ते खपून जायचं. चौकशीअंती ओढणारा एकटा अस्गर निघाला.

"लिस्बेटबाई, आठ नाही, एक!" माल्टे ओरडला.

"माझ्या तक्त्यात दोनच रकाने आहेत," बाई म्हणाल्या. "रेषेच्या आत आणि रेषेच्या बाहेर."

"सोमवारपासून तो एकही नाही," अस्गर म्हणाला. "सोडतोय मी. ही शेवटची."

"वेडा आहेस का?" सिग्ने भडकली. "मग आम्ही इथे कशाला उभं राहायचं?"

"फुप्फुसं माझी आहेत, सिग्ने."

"आणि घोळका आमचा!"

माल्टेने यादी सायकलच्या सीटवर ठेवली. "राग्ना ना? आमच्यात एक जागा आहे." पण पेन गारठलं होतं, उमटेना. अस्गरची सिगरेट विझली की सगळ्यांनी आत पळायचं, ही तिथली रीत. त्याने थोटूक बुटाकडे नेलं, तसे कडेचे दोघे निघालेसुद्धा.

राग्नाने त्याचं मनगट धरलं.

"अस्गर, माझं नाव लिहून होईपर्यंत तरी विझवू नकोस ना."