टॉप मॉडेलचा आवाज

बाबाच्या भरपाईचे पैसे आले, तसे आमी तिघं गोंडपिपरीहून चंद्रपूरले गाडी पाहाले गेलो. प्रफुलदादाले टॉप मॉडेलच पाह्यजे होतं. मी पण त्याच्याच बाजूनं.

"साधी घ्या ना बाबू," आई म्हणे.

"साधीत काय हाये? बंडीवानी चालते ते," दादा बोलला.

शोरूमवाल्या पोरानं पहिले साधी गाडी सुरू केली. चालू झाली का नाई, तेच समजलं नाई. मंग टॉपवाली सुरू करून त्यानं रेस दाबली, तं पायाखालची फरशी थरथरली.

"ऐका भाऊ, एकदम वाघ," तो हासत म्हणे.

"अजून एक डाव दाब," दादा म्हणे.

मी मोबाईलवर व्हिडिओ काढून राह्यलो होतो. त्यात मांगं आई दिसली. दोन्ही कानावर हात ठेवून खाली फरशीवर बसली होती.

मले रागच आला. "लोकं पाहून राह्यले न आई. काऊन इज्जत घालवून राह्यली? उठ."



ते उठली नाई. हळूच म्हणे, "मी मोहफुलाची टोपली फेकून मारली, काठीनं मारलं, तरी तो असाच गुरगुरत राह्यला, पण तुह्या बाबाले सोडलं नाई त्यानं."